दोन्ही टाचा जमिनीवर

२०२२ साल होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील तर असू द्या. पण जे लिहून राहिलो त्यात खोटं नाही. माझी पोरगी वंदना म्हणाली, "बाबा, लिहून काढा. कोणाचं तरी डोकं वाचेल." डोकं वाचेल की नाही मला माहीत नाही. कोणाचा हात वाचला तरी पुरे झालं.

हात कोणाचा, ते येईलच पुढं.

राख

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडं आम्ही, पलीकडं सावरगावचे. दिवसभर दोन्ही काठांवरून दगड चालतात. आमच्याकडचे गडी दगड खात खात झाडापर्यंत जातात, कुऱ्हाडीनं ते तोडतात अन् झेंडा देवीच्या देवळात आणतात. बाहेरचे लोक पाहायला येतात आणि आम्हाला वेडे म्हणून परत जातात. आम्ही कोणाला समजावत बसत नाही.

मी पन्नास वर्षं दगड मारले. जन्मभर संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायचं काम केलं. डोळे मिटून संत्रं हातात दिलं तरी ते कोणत्या थरात बसेल, हे बोटांना कळायचं. दगडाचंही तसंच. उचलला की वजन कळलं, वजन कळलं की कुठं लागेल ते कळलं. नडगी म्हटली तर नडगी, खांदा म्हटला तर खांदा. समोरचा बसला की माझी छाती फुगायची. सोळा वर्षांचा असताना फुगायची, तशीच साठाव्या वर्षीही.

त्या दिवशी सकाळी माझी बायको पंचफुला म्हणाली, "आता कायले जाता जी? काठावर उभं राहून पाहा ना."

"पाहाले बाया जातात," मी म्हणालो.

दुपारी दगड बसला. उजव्या कानाच्या वर. कवठ दगडावर आपटल्यावर आवाज येतो तसा आवाज डोक्याच्या आतून आला. गुडघे वाकले. बापूरावनं, म्हणजे माझ्या लहानपणच्या दोस्तानं, मला काखेतून धरलं. मानेवरून गरम धार उतरून राहिली होती, सदरा पाठीला चिकटला.

"मांडवात चाल, डॉक्टर बसून आहे," बापूराव म्हणाला. सरकारी डॉक्टरांचा मांडव वीस पावलांवर होता.

"टाके घालून घ्याले मी काय पाहुणा आहे बे? राख आण."

आमच्याकडं रीत आहे. देवीची राख जखमेत भरायची, वरून गमछा आवळायचा आणि परत काठावर जायचं. माझ्या बापानं तेच केलं, मीही तेच केलं. पुढं दोन तास दगड मारले. एक तर पलीकडच्या गड्याच्या तोंडावर बसला. तो तोंड धरून खाली बसला, बोटांतून रक्त आलं, अन् मी हसलो. हे लिहायला जड जाऊन राहिलं, पण लिहितो. मी हसलो.

जखम आठ दिवसांत भरली. हीच फसगत झाली. चामडी भरली म्हणजे सगळं भरलं असं आम्ही समजलो.

वरवंटा

तीन आठवड्यांनी सकाळी डोकं दुखायला लागलं. मी ते उन्हावर ढकललं. मग वस्तू हरवायला लागल्या. एका पायात चप्पल घालून बाजारात गेलो. मंडीत पेटी भरताना तिसरा थर चालू आहे की चौथा, ते समजेना. एकाच पेटीतली संत्री तीनदा काढली अन् तीनदा लावली. जवान पोट्टे गालात हसत होते. मी एकाच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवसापासून मंडीत गेलो नाही.

राग तर असा की आधी हात जायचा, मग कळायचं कशावर गेला. मोबाईल वाजला म्हणून भिंतीवर फोडला. दार करकरलं म्हणून लाथ घातली, फळी निघाली. कुत्र्याला काठी मारली, तो बिचारा आजही मला पाहून अंग चोरतो. पंचफुला घरात माझ्यापासून दोन हात लांबून चालायला लागली. मला ते दिसत होतं. दिसून अजून राग येत होता.

दसरा जवळ आला होता. ती अंगणात पाट्यावर चटणी वाटत होती. मी म्हणालो, "जेवाले कधी वाढतं?"

"आता जेवले ना तुम्ही."

"मी कधी जेवलो?"

"तिसऱ्यांदा विचारून राहिले जी. ताट पाहा, तिथीच आहे."

ताट तिथंच होतं, खरकटं. मला वाटलं ही थट्टा करून राहिली. वाकलो, तिच्या समोरचा वरवंटा उचलला. वजन कळलं. वजन कळलं म्हणजे कुठं लागेल तेही कळलं. मी तो तिच्या तोंडावर मारला.

तिनं हात आडवा घेतला. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मनगट मध्ये आलं नसतं तर तोंड होतं. माझा नेम चुकत नाही.

ती ओरडली नाही. हात पोटाशी धरून पाट्याकडं पाहत म्हणाली, "चटणीत रक्त पडलं. आता फेका लागते."

मी तिच्याकडं धावलो. उचलायला धावलो की अजून मारायला, हे मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या पावलावर डावा पाय माझा राहिलाच नाही. मी पाट्यावर पडलो.

एकाच गाडीत

वंदना सौसरला दिली आहे. जावई तिथं तहसील कचेरीत बाबू आहेत. तेच गाडी घेऊन आले. एकाच गाडीत आम्हा दोघांना नागपूरला नेलं. मागच्या सीटवर मी आडवा, माझं डोकं पंचफुलाच्या मांडीवर आणि तिचा मोडका हात ओढणीत बांधून गळ्यात. सगळ्या रस्त्यानं तो हात माझ्या डोळ्यांसमोर हलत होता.

डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर पोरगेला होता. त्यानं विचारलं, "बाबा, डोक्याला मार लागला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"लागला होता," पंचफुला म्हणाली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. राख भरली होती त्यायनं."

डॉक्टरनं फोटो उजेडात धरला. कवटीच्या आतून रक्त थेंब थेंब साचून राहिलं होतं, महिनाभर. म्हाताऱ्या माणसात असं होतं म्हणे, वरून काही दिसत नाही अन् आतून मेंदू दाबला जातो. डोकं दुखणं, विसरणं, पाय जाणं, एकदम स्वभाव बदलणं, सगळं त्याचंच. भोक पाडून रक्त काढावं लागेल, नाही तर माणूस जाईल.

मला भीती वाटली. पण एक गोष्ट भीतीच्याही आधी वाटली, ती लपवत नाही. मला बरं वाटलं. हात मी मोडला नाही, रक्तानं मोडला, असं सांगायला जागा मिळाली.

सिस्टर

डोक्याला दोन भोकं पाडली. शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यातून नळी निघाली होती आणि दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधले होते. गुंगीत मी वॉर्डबॉयच्या नाकावर ठोसा मारला होता म्हणे.

दवाखान्यात वेळ जात नाही. पहाटे अंग पुसणारी बाई येते, मग ताप पाहणारा, मग झाडूवाला पलंगाखाली झाडू घालतो. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा दिवसभर म्हशीला हाका मारायचा. त्याची म्हैस गावाकडं होती. मी ओरडायचो, "मेली तुझी म्हैस!" तो रडायचा. मग चहा यायचा आणि आम्ही दोघं एकाच बिस्किटाच्या पुड्यातून खायचो. अशी तिथली दोस्ती.

पंचफुला रोज यायची. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं मला खिचडी भरवायची. डाव्या हातानं कोणाला घास द्यायचा नाही हे तिच्या मायनं तिला शिकवलेलं. ती घास द्यायच्या आधी जरा थांबायची. मी तोंड उघडून वाट पाहायचो.

हात सोडल्यावर तिसऱ्या दिवशी मी सिस्टरवर तांब्या उगारला. तिनं सुई परत टोचली होती. ती हलली नाही.

"बाबा, मारा. पण आधी खाली पाहा. तुमचे पाय कुठं आहेत?"

"काय?"

"पाय. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले आहेत का?"

मी पलंगाच्या काठावर बसलो होतो. खाली पाहिलं. पायाची फक्त बोटं टेकली होती.

"टाचा टेकवा. आता मारा."

मी टेकवल्या. तांब्या हातात तसाच राहिला. तिनं तो काढून घेतला आणि मला पाणी ओतून दिलं. म्हणाली, "राग आला की पाय पाहायचे. आणि घरी गेल्यावर रोज एक बारकं काम. तेच काम, त्याच वेळेला, त्याच जागेवर. संपवूनच उठायचं. मेंदूला परत माणसात आणायचं आहे ना?"

"मले बाईमाणसानं शिकवू नको," मी म्हणालो.

"नका शिकू. तांब्या मात्र माझ्याकडंच राहील."

चाळीस वर्षांचा

घरी आल्यावर रक्त नव्हतं, तरी राग होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की काही महिने जातील. पंचफुला प्लास्टरच्या हातानं चूल पाहायची, मला आंघोळीला पाणी द्यायची. एका सकाळी पोळी जळाली. मी ताट फेकलं. तिच्या अंगावर नाही, भिंतीवर. ताट वाकडं होऊन तिच्या पायाजवळ गरगर फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत ती पाहत होती.

मी म्हणालो, "माह्या डोक्याचं माहीत आहे ना तुले? ते रक्त होतं."

ती म्हणाली, "डोक्यातलं रक्त महिन्याचं होतं जी. तुमचा राग चाळीस वर्षांचा आहे."

मग तिनं दोन लुगडी पिशवीत घातली, वंदनाला फोन लावला. दारातून म्हणाली, "मी जाऊन राहिली. दुधाचं भांडं झाकून ठेवत जा, मांजर येते."

पोरगी म्हणून सांगत नाही, पण वंदनानं फोनवर मला जे सुनावलं ते कोणी मर्दानं सुनावलं असतं तर मी त्याच्या घरी गेलो असतो कुऱ्हाड घेऊन.

खडा

एकट्याचं रांधायला शिकलो. रेशनचा तांदूळ धुतला न धुतला, शिजवला. दुसऱ्या घासाला दातांत खडा आला. दाढेचा तुकडा पडला. कळ मस्तकात गेली. मी ताट उचलून उभा राहिलो, हात वर गेला. समोर पाहिलं.

मारायला कोणी नव्हतं.

रिकामी चूल, रिकामा पाटा, त्याच्यावर धूळ. मी हात वर धरून किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. तेव्हा खाली पाहिलं. उजवी टाच उठलेली होती.

मग ते कळलं जे पन्नास वर्षं माझ्या अंगाला माहीत होतं अन् डोक्याला नाही. दगड हातानं मारतात असं लोकांना वाटतं. दगड टाचेनं मारतात. मागच्या पायाची टाच उठते, कंबर फिरते, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. दोन्ही टाचा जमिनीला चिकटवून कोणी दगड मारून दाखवावा. हात हलेल, जोर येणार नाही. त्या सिस्टरनं आयुष्यात दगड मारला नसेल, पण माझ्या खेळाचं मूळ तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की ओसरीच्या त्याच कोपऱ्यात सूप घेऊन बसायचं ठरवलं. तांदूळ निवडायचा. हे बायकांचं काम, म्हणून आधी दार लावून बसायचो. पहिल्या दिवशी एक मूठही झाली नाही. खडा दिसायचा, हात निघायचा, मध्येच मांजर, मध्येच भोंगा, खडा गेला. सूप आपटलं. घरभर तांदूळ. वेचून परत सुपात घातला. वेचायला दुपार झाली, आणि गंमत अशी की वेचताना राग आला नाही. एक दाणा, मग दुसरा.

जे असं भोगून राहिले त्यांना माझं सांगणं इतकंच. मोठं काही धरू नका. मी आधी ठरवलं होतं की आता रागावायचंच नाही. दीड दिवस टिकलं. मूठभर तांदूळ टिकला. आठ दिवसांनी दोन मुठी, दिवाळी गेल्यावर अर्धं सूप. डाव्या हातात जोर नव्हता, म्हणून खडा डाव्यानंच उचलायचा. निवडताना नवा मोबाईल पेटीत. कोणी हाक मारली तर तो दाणा संपल्यावर ओ द्यायची. आणि राग चढायला लागला की समोर जे दिसते ते तोंडानं म्हणायचं: खांब. खांबावर खुंटी. खुंटीवर टोपी. शेजारीण म्हणायची, "म्हाताऱ्याचं डोकं अजून बसलं नाही वाटते." बसूनच राहिलं होतं बाई, म्हणून तर बडबडत होतो.

सगळे दिवस बरे गेले नाहीत. फेब्रुवारीत बापूरावची गचांडी धरली, तो माझ्या डोक्याच्या खड्ड्यात बोट घालून पाहत होता म्हणून. टाचा तेव्हा आठवल्या नाहीत. नंतर आठवल्या. त्याच्या घरी जाऊन बसलो, माफी मागता आली नाही, दोन तास नुसता बसलो. त्याची बायको शेवटी म्हणाली, "जेवून तरी जा, नाही तर मुक्काम करा."

थेंब

दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी बसनं सौसरला जायचो. जावयांच्या पायरीवर बसायचो. पंचफुला चहा आणून ठेवायची, बसायची नाही. मी दर वेळेला तेच म्हणायचो, "डॉक्टरनं सांगितलं ना, ते रक्त होतं."

ती आत जायची, बादली घेऊन यायची, लुगडं तारेवर टाकायची. मनगट वाकडं जुळलं होतं. तिला पिळता येत नव्हतं. नऊवारी सुती लुगडं, पाण्यानं जड. तार वाकायची. खाली टप टप थेंब पडत राहायचे, मातीत खड्डा पडला होता थेंबांचा. मी चहा पीत तो खड्डा पाहायचो. वंदनाचं घर, पोरीनं पिळून दिलं असतं. पण पंचफुला आपलं लुगडं दुसऱ्याला देत नाही. तिचीही हट्टाची जात.

अकरा महिने असे गेले.

उलटी बस

२०२३ चा पोळा आला. आदल्या दिवशी बापूराव दारात. "काय मग? उद्या?"

"उद्या मी सौसरला."

तो हसायला लागला, मग थांबला. "गोटमारीच्या दिवशी? लोक काय म्हणतीन? डोक्याले भोक पडलं अन् हिंमत गळून गेली म्हणतीन."

माझी टाच उठली. मी खाली पाहिलं. तोही खाली पाहायला लागला. "काय पडलं?"

"काही नाही. म्हणू दे."

खरं कारण सांगतो. मला माझा भरवसा नव्हता. काठावर गेलो असतो तर दगड उचलला असता.

सकाळच्या पहिल्या बसमध्ये मी एकटा उतारू. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, सारी दुनिया पांढुर्ण्याले येऊन राहिली अन् तुम्ही कुठी पळून राहिले?" अर्ध्या रस्त्यापर्यंत समोरून भरभरून गाड्या येत होत्या, टपावर पोट्टे, आरोळ्या. मी खिडकीतून पाहत होतो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी त्या दिवशी गावाबाहेर होतो. दाढा आवळल्या गेल्या होत्या.

जावई सुट्टीमुळं घरी होते. दुपारी वंदनानं पाणी दिलं, तांब्या माझ्या हातात होता. त्यांच्या मोबाईलवर गोटमारीचं चित्रण चालू होतं. कोणाचं तरी डोकं फुटून राहिलं होतं.

"पाहा मामाजी, तुमची माणसं," ते म्हणाले. "जनावरं बरी."

मी मोबाईलवरून नजर काढली.

"तुम्ही नाही गेले आज? की बाईमाणसावरच नेम धरता आता?"

वंदना म्हणाली, "अहो!"

"काय अहो? अकरा महिने झाले, दर आठवड्याला येऊन सांगतात, रक्तानं केलं, रक्तानं केलं. रक्ताला हात असतात काय? ती बाई आजही भांडं पडलं की दचकते. मी रोज पाहतो, हे पाहत नाहीत."

मला दिसेनासं झालं. कानात नदीचा आवाज आला. तांब्या भरलेला होता, वजन कळलं. जावयाच्या कपाळावर कुठं लागेल तेही कळलं.

आणि तेव्हा मला पंचफुला दिसली. ती आतल्या दारात सूप घेऊन उभी होती. मी अजून हात उचललाही नव्हता. तिनं सूप तोंडासमोर धरलं होतं, ढालीसारखं, आणि दुसऱ्या हातानं पोरीला आपल्या मागं ओढलं होतं. इतक्या सफाईनं, की जसं रोजचं काम. गोटमारीत पन्नास वर्षं गडी पाहिले, दगड सुटायच्या आधी ढाल धरणारा एक नाही पाहिला. ही चाळीस वर्षं हेच करून राहिली होती.

मी खाली पाहिलं. उजवी टाच वर होती. ती खाली जात नव्हती. मी तोंडानं म्हणालो, "फरशी. फरशीवर चप्पल. चपलेचा पट्टा तुटलेला." जावई माझ्याकडं पाहत राहिले. टाच टेकली. तांब्या खाली ठेवला. पाणी सांडलं थोडं.

"खरं आहे," मी म्हणालो. "रक्तानं नाही. मी मोडला हात. रक्त नव्हतं तेव्हाही मारलं आहे मी तिले."

आयुष्यात इतकी जड वस्तू मी उचलली नव्हती. बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

बऱ्याच वेळानं सूप माझ्या शेजारी ठेवलं गेलं. तांदूळ होता त्यात. पंचफुला पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा बसली.

"निवडा. संध्याकाळचा आहे."

मी निवडायला लागलो. ती पाहत होती. म्हणाली, "हे कोणी शिकवलं?"

"दाढ तुटली."

ती हसली नाही, पण तोंड वळवलं. मग म्हणाली, "पुन्हा हात उठला तर?"

उठणार नाही, असं म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही. "टाच उठते अजून," मी म्हणालो. "आज उठली होती."

"पाहिली मी," ती म्हणाली. "खाली टेकली तेही पाहिलं."

जावई आतून आले, उभे राहिले, मग म्हणाले, "मामाजी, आज बस मिळणार नाही. राहा." मी मान हलवली.

सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा ती नळावर लुगडं धूत होती. मी गेलो, बादलीतून लुगडं उचललं. मधला भाग अंगणातल्या खांबाला अडकवला, दोन्ही टोकं हातात घेतली आणि पिळायला लागलो. डावा हात कमी जोराचा, म्हणून टोक मनगटाला गुंडाळलं. शेजारच्या गच्चीवर दोन बाया उभ्या राहून पाहत होत्या. एक म्हणाली, "अवं माय, पाह्य त म्हाताऱ्याले!" मी पिळत राहिलो. पाणी धारेनं गेलं, मग थेंब, मग काही नाही.

मी ते तारेवर टाकायला गेलो तर पंचफुलानं हात पुढं केला, तो वाकडा हात.

"इथी नका टाकू," ती म्हणाली. "घरी वाळवू. पण एक सांगून ठेवते, वंदनाच्या या घरची चावी माह्या पदराले बांधलेली राहीन."

"राहू दे," मी म्हणालो.

ती पिशवी आणायला आत गेली. मी लुगडं खांबाला परत अडकवलं आणि अजून एकदा पिळलं, बसमध्ये पिशवी गळू नये म्हणून.